शोकेसमधली दुसरी बाटली
स्पिरिटचा वास आला की यवतमाळच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. मूल लांबवायला बसवलेली तांबी "पडून गेली असंल" असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि माझ्या लघवीच्या जळजळीवर नुसतं धन्याचं पाणी चालू होतं. शेवटी मी एकटीच एसटीत बसले. सोनोग्राफीत तांबी सापडली, सरकून थेट मूत्राशयात गेलेली, वर खड्याचा थर चढलेला. डॉक्टरीणबाईंनी पोट न फाडता लघवीच्या वाटेनं दुर्बीण घातली आणि बारीक चिमट्यानं तिला बाहेर ओढलं. "मले बाटलीत द्या," मी म्हटलं. घरी सासूबाई कुजबुजल्या, "फेकून दे वं! लोकाईले काय दाखवतं?" आमच्या शोकेसमध्ये सासऱ्यांचा मुतखडा बाटलीत मांडलेला होता, पाहुण्याला चहाआधी तो बघावाच लागे. मी माझी बाटली त्याच्या शेजारी ठेवली. "हे इथं काहून?" सासरे गरजले. "तुमच्या खड्याची लाज नाही, मामाजी, तं माह्या तांबीची कायले?" त्यांनी पेपर तोंडापुढं धरला. आज सासरे नाहीत, पाहुणे मात्र येतात. चहाआधी दोन्ही बाटल्या मीच काढते, आणि माझी आधी दाखवते.