आईच्या उपासाचे मफिन

ओव्हनचं दार मधेच उघडायचं नाही, असं माझ्या मुलीने मला तीनदा बजावलं होतं. पहिल्यांदा, ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिचा छोटा ओव्हन माझ्या ओट्यावर ठेवून गेली तेव्हा. नंतर दोनदा फोनवर. मी तिन्ही वेळा हो म्हटलं आणि तिन्ही वेळा दार उघडलं. तीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासायचं काम केलं आहे. न बघता पीस पुढे जाऊ देणं माझ्या हातून होत नाही. दर पाच मिनिटांनी मी वाकायचे, दार उघडायचे, तोंड आत घालायचे आणि काडी खुपसून बघायचे. चष्म्यावर वाफ यायची, चेहरा भाजून निघायचा आणि मफिन मधोमध खचायचे. नवरा म्हणायचा, "माल तयार व्हायच्या आतच तू तो नापास करतेस." त्याचं बरोबर होतं, पण हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

ही काही माझी हौस नव्हती. मफिन आईसाठी होते.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला घोटीहून आमच्याकडे आणलं तेव्हा ती नावं विसरायला लागली होती. आता माणसंच विसरली आहे. मला ती 'ताई' म्हणते आणि 'तुमी' म्हणते. मी इथे कामाला ठेवलेली बाई आहे असा तिचा समज असावा. बाई स्वच्छ आहे पण फार बोलते, असं तिने एकदा माझ्या नवऱ्याला हळूच सांगितलं. पोटच्या मुलीला पोटच्या आईने 'तुमी' म्हणावं, याची सवय होते असं लोक सांगतात. मला झालेली नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिने जेवण सोडलं. ताट पुढे ठेवलं की म्हणायची, "नगं. आज माझा उपास हाय."

पहिल्या दिवशी मला वाटलं, असेल चतुर्थी. कॅलेंडर बघितलं तर षष्ठी. दुसऱ्या दिवशीही उपास, तिसऱ्या दिवशीही. मी एका संध्याकाळी तिला गॅलरीत नेलं, चंद्र दाखवला आणि म्हटलं, "आई, चंद्र उगवला. सोड आता उपास." तिने चंद्राकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "उगवू द्या की." म्हणजे उपास चतुर्थीचा नव्हता. एकादशीचाही नव्हता, कारण बारस उजाडली तरी ती तो सोडत नव्हती. कसला आहे म्हणून विचारलं तर ती मान फिरवायची. शहाण्या बायका असलं विचारत नाहीत, अशा अर्थाने.

भगर दिली, दोन चमचे खाऊन बाजूला सारली. साबुदाणा हिरड्यांना चिकटायचा, कवळी ती घालू देत नाही. केळं आणि दूध तेवढं घ्यायची, तेही अर्धं केळं. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं तर छत्तीस किलो. ते म्हणाले, "कसंही करा, पण पोटात काहीतरी जाऊ द्या." कसं करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मग मुलगी फोनवर म्हणाली, "मम्मी, आजीला केळं चालतं ना? मग बनाना मफिन कर. अंडं नको, केळ्यानेच धरून येतं सगळं."

मी म्हटलं ठीक आहे, पण फसवायचं नाही. उपासाचे म्हणायचे तर उपासाचेच करायचे. राजगिऱ्याचं पीठ आणलं. चार पिकलेली केळी कुस्करली, दूध, साखर, साजूक तूप घातलं. सोड्याची शंका आली म्हणून शेजारी पूजा सांगणारे गुरुजी राहतात त्यांना विचारलं, कोकोचंही विचारून घेतलं. ते जिन्यातच थांबले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "वहिनी, शास्त्रात कोको नाही. म्हणून मनाईही नाही. आणि खरं सांगू का, या वयाच्या माणसाला उपास लागतच नाही. पण हे तुम्ही मला नाही, त्यांना पटवा." नवऱ्याने आतून भर घातली की कोको झाडालाच लागतो, म्हणजे तो फळातच धरावा.

राजगिऱ्याचे मफिन बाहेरून दगड आणि आतून लापशी झाले. पुन्हा केले, पुन्हा तेच. तिसऱ्या घाण्याला भगरीचं पीठ मिसळलं, तर ते हातात घेताच रवाळ होऊन सांडले. त्या दिवशी मी ओट्याला टेकून रडले. मफिनसाठी कोण रडतं? पण शेजारच्या खोलीत एक माणूस रोज थोडं थोडं कमी होत होतं आणि मला साधा एक लुसलुशीत केक जमत नव्हता.

चौथ्या दिवशी मी डब्यातून गव्हाचं पीठ काढलं. आईपासून काही लपवायचं असलं की लहानपणी मी चुलीकडे पाठ करायचे, तशीच दाराकडे पाठ करून ते चाळलं. का, ते मला माहीत नाही. बघणारं कोणीच नव्हतं.

मफिन छान फुगले. आईने हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "पाव हाय ह्यो." ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पिठात कोको घातला, काळेभोर झाले. "करपलं," म्हणाली. मग मुलीने सांगितलं तसं मी पिठाचे दोन भाग केले. एक केळ्याचा पांढुरका, एक कोकोचा. साच्यात आधी याचा चमचा, मग त्याचा चमचा, आणि वरून काडीने एकच वेटोळं. जास्त फिरवलं तर सगळं एकरंगी होतं. एक वेटोळं, आणि हात काढून घ्यायचा.

आईने तो मफिन उलटसुलट फिरवून बघितला. तिचा चेहरा उजळला. "आमची बांडी," ती म्हणाली.

आमच्याकडे घोटीला एक बांडी गाय होती, काळ्यापांढऱ्या डागांची. मला ती जेमतेम आठवते. आईला मात्र तिचा डाग न् डाग आठवत होता. ती बोटाने ते डाग चाचपत राहिली. मी म्हटलं, "केळ्याचं आहे. उपासाला चालतं." तिने दुधात बुडवून अख्खा खाल्ला. मग दुसरा मागितला.

चार महिने हे चाललं. सकाळी एक, दुपारी एक, कधी संध्याकाळी अर्धा. मी त्यात दाण्याचं कूट घातलं, दुधाची पावडर घातली, एकदा तर डाळीचं पीठ ढकललं. तिला काही कळलं नाही. वजन छत्तीसवरून साडेसदतीसवर आलं. डॉक्टर खूश, मुलगी खूश. मी रोज तोंड भरून खोटं बोलत होते आणि बऱ्याच वर्षांनी सुखाने झोपत होते.

एप्रिलात मावशी आली. आईची धाकटी बहीण, घोटीलाच असते. आई तिला ओळखत नाही, तरी ती येते आणि आईचे पाय दाबत बसते. मी चहा केला, बशीत मफिन ठेवला आणि उपासाचा सगळा प्रकार हसत हसत सांगितला. मावशी हसली नाही.

"तुला ठावं नाय?" ती म्हणाली. "तू तिसरीत व्हती. मुदतीचा ताप आला व्हता तुला. डॉक्टरनी बी हात टेकले. तवा ही वणीच्या देवीला बोलली, पोरीच्या अंगातला ताप निघूस्तवर धान्य तोंडात घालायची नाय. एकवीस दिस नुसत्या केळ्यावर अन् दुधावर व्हती. वाळून काडी झाली. सगळ्यांनी सांगून पायलं, कुणाचं ऐकलं नाय."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या आजारातलं मला एकच आठवतं. मी गोधडीत पडलेली, तोंडाला कडू चव, समोर पेजेची वाटी. आणि आई दाराशी बसून केळं खातेय, मला देत नाहीये. त्या केळ्यांचा राग मी कितीतरी वर्षं धरून होते. मोठी झाल्यावर एकदा भांडणात तिला बोलूनही दाखवलं होतं.

म्हणजे ती अजून त्या एकवीस दिवसांतच होती. पोरगी आत तापाने फणफणली आहे आणि ही बाहेर धान्य सोडून बसली आहे. आणि ती पोरगी, सत्तावन्न वर्षांची घोडी, तिला फसवून गहू चारत होती. मी देवाधर्माची फारशी नाही. देवीला काय वाटेल याची मला भीती नव्हती. पण जिने माझ्यासाठी घास सोडला, तिचाच शब्द मी रोज दुधात बुडवून मोडत होते, हे मला सहन होईना.

मावशी म्हणाली, "सांग तिला, पोरगी बरी झाली."

सांगितलं. दहादा सांगितलं. "आई, ताप उतरला. बघ, मी बरी आहे." आई माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी सभ्यपणे बघायची. "तुमी कोन सांगनार, ताई? आई मी हाय."

तरी मी ठरवलं, उपास रीतसर सोडवायचा. मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी वरण-भात केला, वर तूप, लिंबाची फोड. उपास सोडताना लागतं तसं छोटंसं पान वाढलं. गोड म्हणून मफिनही लावले होते. बाहेर ऊन नुसतं ओतत होतं आणि स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं. सवयीने मी ओव्हनचं दार उघडलं, वाकले, तोंड आत घातलं, काडी खुपसली. झाले होते. घाम पुसला आणि तशीच पान घेऊन आईसमोर जाऊन बसले.

"आई," मी म्हटलं, "ताप उतरला. आता दोन घास खा."

तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग तिचे डोळे हलले, कुठूनतरी लांबून आल्यासारखे, आणि ती म्हणाली, "पोरी, तू उठून का आली?"

कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा ती मला 'तू' म्हणाली. मी पान खाली ठेवलं आणि म्हटलं, "बरी झाले म्हणून उठले."

तिने हात पुढे केला. तोच हात, अंगठ्याजवळ विळीचा जुना वण असलेला. तळवा माझ्या कपाळावर टेकवला, मग उलटा करून गालाला लावला. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, सुटलो आम्ही दोघी.

"चटका बसतोय गं," ती म्हणाली. "जा, पड जा."

तिने पान दूर सारलं. मी म्हणाले, आई, हा ताप नाही, ओव्हनची धग आहे, मी आत्ता वाकले होते. काय काय बोलले ते आठवत नाही. ती ऐकत नव्हती, ओठांतल्या ओठांत देवीला काहीतरी सांगत होती. मी धावत मोरीत गेले, तोंडावर तांब्यावर तांबे ओतले, ओल्या कपाळाने परत आले आणि तिचा हात धरून कपाळावर ठेवला. तिने तो हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "काय झालं, ताई? रडता कशाला?"

त्या दिवसापासून ती मफिनही खात नाही. बांडी दाखवली तरी मान हलवते. अर्धं केळं, घोटभर दूध. पोरीला जास्त झालंय म्हणते. काटा पुन्हा छत्तीसच्या खाली गेला आहे. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून भरवायचं का विचारलं, मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मुलीचा ओव्हन मी माळ्यावर टाकला. आता स्वयंपाक पहाटेच उरकते, गॅसजवळ उभी राहत नाही. आईसमोर जाण्याआधी माठातल्या पाण्याने तोंड धुते, टॉवेल ओला करून कपाळाला लावते, ते चांगलं गार होऊ देते. मग तिच्या खाटेशी बसते आणि हाताच्या अंतरावर कपाळ पुढे करते. ती 'ताई' म्हणते, बसा म्हणते. तिने पुन्हा हात लावलेला नाही.