चौथा बॉक्स

आमच्या शेजारच्या बैठ्या घरातले काका, कोणीही दिसलं की विचारणार, "कमी सिग्नलबी पकडणारा बॉक्स कुठला रं चांगला?" केबल घ्या म्हटलं की मान फिरवतात. गच्चीवर जुनी मोठी डिश आणि खाली टीव्हीजवळ तीन सेट-टॉप बॉक्स. एकाची वायर काढून दुसऱ्याला लावतात, पिनेवर फुंकर मारतात आणि पडद्यावरच्या दोन पट्ट्या बघून तेच म्हणतात, "स्ट्रेंथ हाय, क्वालिटी नाय." काळ्या टीव्हीसमोर काकू भाजी निवडत बसलेल्या असतात. चित्र कधी येणार हे विचारणं त्यांनी केव्हाच सोडलंय.

परवा त्यांनी चौथा बॉक्स आणला, तेव्हा मला राहवलं नाही. जरा तोडूनच बोललो, "काका, समोर तो बिल्डरचा टॉवर झालाय ना, तो डिशच्या तोंडाशीच येतो. त्याच्या आरपार कुठलाच बॉक्स पकडणार नाही."

"ठाव हाय मना," ते वर न बघता म्हणाले. "आपलंच भाताचं शेत होतं तिथं. सही मीच केली."

मग नव्या बॉक्सच्या पिनेवर त्यांनी हळूच फुंकर मारली.

"ह्यो जरा भारीतला हाय. बगू."