भाऊजींचा चिमटा

माझे दीर मिस्त्री आहेत. मोटरसायकलचे. होते असं मी म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं तर मला राग येतो. माणूस जिवंत आहे, दुकानाचं शटर अर्धं वर आहे, पाने-पक्कड जागच्या जागी टांगलेले आहेत. फक्त ते काम करत नाहीत. स्टुलावर बसून कपड्यांचा एक चिमटा उघडतात आणि मिटतात. चिमटा माझाच, गच्चीतल्या दोरीवरचा.

आधी हा माणूस कसा होता ते ऐका. कुणाच्याही दारात गाडी नुसतीच चालू ठेवलेली दिसली की भाऊजी जाऊन सरळ चावी फिरवून बंद करायचे. मालक ओरडत बाहेर यायचा. भाऊजी म्हणायचे, "पेट्रोल काय तुझ्या सासऱ्याचं आहे?" स्वतःला सासरा नव्हता. लग्नाचा विषय काढला की म्हणायचे, "वहिनी, माझ्या अंगाचा ऑइलचा वास तुम्हालाच सोसत नाही, ती बिचारी कशी सोसेल?" बोलणं एवढंच. बाकी मान खाली आणि हात इंजिनात.

माझा नवरा अगदी उलटा, तोंडाचा तोफखाना. मोटरसायकलच्या मागे अंड्यांचे ट्रे बांधून दुकानोदुकानी पोचवायचे हे. तडकलेलं अंडं निघालं की म्हणायचे, "काही नाही हो, बारीक तडा आहे." सगळा बाजार ह्यांना 'बारीकतडा' म्हणायचा, आणि ह्यांना त्याचा अभिमान! आईवडील लवकर गेले, धाकट्याला ह्यांनीच वाढवलं, म्हणून भाऊजींना दादा म्हणजे देव. देव कसला, महाबिलंदर माणूस. पण जीव लावावा तर ह्यांनीच.

मग एकदा उतारावर गाडी घसरली. हे खाली, गाडी ह्यांच्यावर, अ‍ॅक्सिलरेटर अडकलेला, आणि मागचं चाक गरगर फिरतंच आहे. पोटरीचं मांस गेलं. घरी आणलं तर पहिलं वाक्य काय, "बारीक तडा आहे." मी रडले. भाऊजी रडले नाहीत. ते गच्चीत गेले आणि माझ्या दोरीवरचा एक चिमटा काढून घेऊन गेले.

त्यांनी चिमट्याच्या दोन्ही ओठांना आतून पितळेची पट्टी लावली आणि दोन्ही पट्ट्यांना इंजिनाकडे जाणारी एकेक वायर जोडून चिमटा हँडलला बसवला. पट्ट्या एकमेकींना टेकल्या की इंजिन बंद. टेकू नयेत म्हणून मधे डब्याच्या झाकणाचा प्लास्टिकचा तुकडा. त्या तुकड्याला जुन्या टेलिफोनची वेटोळी वायर, आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला मनगटात घालायचा पट्टा. माणूस गाडीवरून पडला की वायर ताणणार, तुकडा निसटणार, चिमटा मिटणार, चाक थांबणार. मला समजावं म्हणून भाऊजींनी दारातच गाडी चालू केली आणि पट्टा खेचला. फट् आवाज झाला आणि गाडी गप्प. किती शांत वाटलं मला! त्या दिवशी मी पोटभर जेवले.

"मला दाव्याला बांधतोस होय रे?" हे म्हणाले. "मी बैल आहे का?"

"बैल ऐकतो तरी," मी म्हणाले.

भाऊजी हसले नाहीत. "दादा, तू हे घालणार असशील तरच गाडी देईन," एवढंच बोलले. थोरल्या भावाशी असं ते जन्मात बोलले नव्हते. ह्यांनी हात पुढे केला, भाऊजींनी पट्टा बांधला.

सुरुवातीला कुरकुर फार. मागचे ट्रे नीट आहेत का बघायला हे वळले की तुकडा निसटायचा, गाडी भर चौकात बंद पडायची, मागून हॉर्न, वर हसणारे. भाऊजींनी वायर थोडी लांब करून दिली. मग कुरकुर थांबली. आम्हाला वाटलं, सवय झाली. रोज संध्याकाळी परत येताना हे गल्लीच्या वळणावरच डावा हात उंच करायचे, मनगटातला पट्टा आणि लोंबती वेटोळी वायर दुकानात बसलेल्या भावाला दिसेल अशी. "बैल आला रे!" म्हणून ओरडायचे. भाऊजी हातातलं काम ठेवून बघायचे. तेवढ्या वेळापुरता त्यांचा चेहरा उजळायचा.

एके दिवशी थंडी होती, ह्यांच्या गळ्यात मफलर होता. खडी पसरलेल्या वळणावर गाडी पुन्हा घसरली. मफलरचं टोक मागच्या चाकात गेलं आणि चाक थांबलं नाही. ह्यापुढचं मला सांगवत नाही.

लोक सांगत होते, माणूस पडल्यावरही इंजिन ओरडत होतं. ते भाऊजींनी ऐकलं. गाडी दारात आली तेव्हा पट्टा आणि वायर कुणीतरी हँडलला गुंडाळलेली होती आणि तुकडा निघून लोंबत होता. ते भाऊजींनी पाहिलं. तुकडा निघाला आणि तरी इंजिन चालू राहिलं, म्हणजे चिमटा मिटलाच नाही. म्हणजे दादाला आपणच मारलं. त्यांनी हिशोब असा लावला आणि चिमटा काढून हातात घेतला, तो अजून हातातच आहे. दर वेळी तो नीट मिटतो. "मग त्या दिवशीच का नाही मिटला, वहिनी?" एवढं एकच विचारतात.

खरं काय ते मला पंक्चरवाल्याने सांगितलं. त्याची टपरी त्या खडीच्या वळणावरच आहे. पहिला धावला तो हाच. म्हणाला, "ताई, पट्टा त्यांच्या हातात नव्हताच. आरशाच्या दांडीला अडकवलेला होता. रोज तसाच असायचा. गाडी बंद होईना म्हणून मीच तो काढून खेचला, आणि लगेच बंद झाली बघा."

रोज! म्हणजे आमच्या गल्लीबाहेर आरशाला, आणि गल्लीचं वळण आलं की मनगटात. आमचं मन राखायला. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. आणि इतकी मायाही.

पण भाऊजींचा दोष नव्हता! मी पंक्चरवाल्याला तशीच ओढत दुकानात घेऊन गेले. आता आली का पंचाईत. हा पंक्चरवाला रस्त्यावर खिळे टाकून गिऱ्हाईक मिळवतो, असं भाऊजी वर्षानुवर्षं चारचौघांत सांगत आलेले. दोघांचं बोलणं बंद. बिचाऱ्याने तरीही सगळं सांगितलं, देवाची शपथ घेतली, गाडीचा आरसा हलवून पट्टा कुठे अडकवलेला होता ते दाखवलं. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याला म्हणाले, "जा तू." तो गेला.

"भाऊजी, तुमचा चिमटा चांगला होता हो," मी हात जोडले. "त्यांनी घातलाच नव्हता. फसवलं त्यांनी आपल्याला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, इतक्या मायेने की मला नको झालं.

"वहिनी, माझं मन राखायला दादाला खोटा ठरवू नका. आणि त्या खिळेवाल्याला तर मुळीच पढवून आणू नका. रोज हात वर करून दाखवायचा तो मला."

दाखवायचेच की रोज.