आप्पांच्या नावाचे परळ

आप्पांना मीच पाडलं, यात वाद नाही. पहिली शिफ्ट सुटली होती, रांजणगावहून घरी यायची घाई होती आणि आप्पा गावच्या वळणावर भर रस्त्यात उभे राहून तंबाखू मळत होते. रस्ता काय तंबाखू मळायची जागा आहे का, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे. पण गाडी माझी, उशिरा लागलेला ब्रेक माझा आणि मनगट मोडलं ते आप्पांचं, तेही उजवं. आप्पा गावातले एकुलते एक कुंभार, आणि नवरात्र पाच आठवड्यांवर आलेलं.

आमच्याकडं घट बसतो तो परळात. परळ म्हणजे मातीची पसरट ताटली. तिच्यात माती आणि धान्य पसरायचं, मधोमध घट ठेवायचा. गावातल्या साठेक घरांना परळ आप्पाच देत, त्यांच्या आधी त्यांचे वडील देत. मुलगा दौंडला रेल्वेत. त्याचं म्हणणं, बास झालं आता, लोक शिरूरच्या बाजारातून आणतील. आप्पांना नेमकी तीच धास्ती होती. एकदा बाजारातून आणलं की माणूस पुन्हा आपल्या दारात येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी केळी घेऊन बघायला गेलो. आप्पांनी केळी ठेवून घेतली आणि म्हणाले, "परळ तूच करायचे. हात तूच मोडलाय."

मी आयटीआय केलेला टर्नर. म्हणालो, "त्यात काय आप्पा, लेथवर बी जॉब फिरतो, इथं बी फिरतो."

"मंग बस की. फकस्त कुणाला सांगायचं न्हाई. धनगराच्या पोरानं केल्यात म्हून कळलं, तर समदी शिरूरला जात्याल. मंग मला कोन कुंभार म्हननार?"

घरी सांगितलं, आप्पांची माती तुडवायला जातोय. आई म्हणाली, तेवढं तरी धड कर.

लेथवरचा जॉब लोखंडाचा असतो आणि घट्ट आवळलेला असतो, हा किरकोळ फरक माझ्या पहिल्याच मिनिटाला लक्षात आला. काठीनं चाकाला गती दिली, गोळ्याला हात लावला आणि गोळा माझ्या मांडीवर. दुसरा भिंतीवर. तिसरा आप्पांच्या धोतरावर. त्या मातीत राख आणि घोड्याची लीद असते, हे आधी कुणी बोललं नव्हतं. कंपनीत शेजारच्या मशीनवरचा बिहारी गडी नाक मुरडून विचारायचा, "भाई, घोड़ा पाला है क्या?"

मडकं वर चढवायचं असतं, ताटली पसरवायची असते, आणि पसरलेली माती लोळायला टपलेलीच असते. तळहाताच्या टाचेनं गोळा मधून कडेकडं दाबत न्यायचा. मधे दाब कमी पडला तर वाळताना तळाला चीर जाते. कड जास्त ताणली तर ती मान टाकते. हे सगळं जमून पहिला परळ उभा राहिला, दोऱ्यानं खालून कापला आणि उचलताना मी त्याची घडीची पोळी केली.

"यष्टीतली पिशवी हाय व्हय ती, हिसका मारून काढाया?" आप्पा ओरडले आणि डाव्या हातानं माझ्या टाळक्यात दिली. डावा हात ठणठणीत होता.

मलाही राग आला. हात जरा बसल्यावर कंपनीतून व्हर्नियर आणलं, आप्पांच्या जुन्या परळाचं माप घेतलं आणि त्याच मापाचे पंचवीस परळ काढले. मिलिमीटरचा फरक नाही. आप्पा नुसते बघत होते. गोवऱ्या रचून आवा लावला, परळ भाजून निघाले, तर पंचवीसच्या पंचवीस दोन बोटं कमी. मधे घट ठेवला की धान्य पेरायला जागाच उरेना.

हात मोडल्यापासून आप्पा पहिल्यांदा हसले. चांगले खदाखदा. "माती वाळताना आंग चोरती, भाजताना आनखी चोरती."

"मंग आधी सांगायचं न्हाई का?"

"तू कुठं इचारलंस? तू मोजत व्हतास."

घटस्थापनेला बारा दिवस उरले होते. मी रजा टाकली. आता वीतभर आणि वर सहा बोटं, नुसत्या अंदाजानं. पाठ धरली, बोटांच्या कातड्या गेल्या, आप्पांच्या शिव्या पाठ झाल्या. निघाले ते सगळे थोडे फेंगडे होते. पण परळ होते, आणि साठ घरांना पुरले.

आदल्या दिवशी वाटायला निघालो. पाटी माझ्या डोक्यावर, पुढं आप्पा, गळ्यात हात अडकवून. प्रत्येक दारात एकच वाक्य: "डाव्या हातानं केल्यात, गोड मानून घ्या." बायका हळहळायच्या, सुपानं ज्वारी घालायच्या, एकदोघी तर पायाच पडल्या. मी मागं गाढवासारखा उभा. तिसऱ्या आळीपर्यंत माझं डोकं तापलं. ठरवलं, निदान आपल्या घरी तरी खरं सांगून टाकायचं. आई काय गावभर करणार नाही.

आई दारात आली. तिनं परळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, वाकड्या कडेवरून अंगठा फिरवला.

"बघ," ती मला म्हणाली, "मोडक्या हाताचं मानूस ह्ये करतंय. आन् तू धडधाकट असून काय केलंस?"

मी तोंड उघडलं. आप्पा माझ्याकडं बघत नव्हते. ते खाली उंबऱ्याकडं बघत होते आणि डावा हात त्यांनी पाठीमागं लपवला होता. गाडी अंगावर आली तेव्हाही हा माणूस शिव्याच देत होता. त्याला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला माझीच लाज वाटली.

"खरंय आये," मी म्हणालो. "आप्पांचा हातच तसला हाय."

आईनं ज्वारी घातली. आम्ही पुढच्या घरी गेलो. या वेळी आप्पा पुढं झाले नाहीत, दाराच्या कडेला सरकले. मग मीच पाटी उतरवली आणि म्हणालो, "डाव्या हातानं केल्यात आप्पांनी, गोड मानून घ्या."