बापूंच्या आधी

डाळ भरडली की बारीक तुकड्यांची चुनी पडतेच. ती कोणी मुद्दाम करत नाही आणि टाकूनही देत नाही. लातूरच्या एका डाळमिलच्या कचेरीत माझी बावीस वर्षे गेली. किस्से असेच साचले. त्यांतले हे वार्षिक स्नेहसंमेलनाचे. करमणुकीचा कलाकार ठरवण्याचे काम माझ्याकडे असे. मी असभ्य काही खपवून घेणार नाही, असा मालकांचा विश्वास होता.

मालकांना सगळे बापू म्हणत. मिलमध्ये एक अलिखित नियम होता: बापूंच्या आधी कोणी हसायचे नाही. आणि बापू हसत नसत.

*

पहिल्या वर्षी उदगीरहून जादूगार आणला. त्याने मला मंचावर बोलावले आणि माझ्या कानातून अंडे काढले. त्या दिवशी एकादशी होती.

"काका, हे तुमचंच ना?" त्याने विचारले.

सगळी मिल बापूंकडे पाहू लागली. बापू अंड्याकडे पाहत होते. कोणी हसले नाही. मी घरी जाऊन पुन्हा स्नान केले.

*

पुढचे संमेलन आमच्या नांदेडच्या शाखेत झाले. तेथे हास्ययोगाचे शिक्षक बोलावले. यात तरी अंडे निघणार नाही, असा माझा अंदाज होता.

त्यांनी सर्वांना हात वर करून मोठ्याने हसायला सांगितले. हात वर गेले. तोंड कोणी उघडेना. अर्धा तास ते एकटेच हसले. शेवटी त्यांचा घसा बसला. उमरीच्या एका हमालाने त्यांना पाणी दिले आणि काळजीने विचारले, "सर, आता बरं वाटून राहिलं का?"

*

तिसऱ्या वर्षी बोलक्या बाहुलीचा खेळ ठेवला. खेळ करणाऱ्याने बाहुलीचे तोंड आमच्या गोदामाच्या नागोरावकडे वळवले. बाहुलीने दरडावले, "सोमवारी कुठं होतास रे?"

नागोराव उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "अर्धापूरला, साडूच्या घरी. जेवायला."

सोमवारचा त्याचा तापाचा अर्ज माझ्या फायलीत होता. खोटे फार टिकत नाही, हे मी नेहमी सांगतो. बाहुलीपुढे ते एक मिनिटही टिकत नाही, हे मला नवे होते.

*

त्यानंतर बापूंनी मला बोलावले. "काका, कोणी हसतच न्हाई, तर ही माणसं आणायची कशाला? औंदा बघू. न्हाईतर संमेलनच बंद करू."

मी घरी सांगितले. पत्नीने हातातले काम ठेवले. मिलमधल्या माणसांच्या बायकांना वर्षातून ही एकच संध्याकाळ चुलीपासून सुटका होती. "तुमच्या हातून ती बंद पडली, तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

म्हणून फार विचार करून एक नकलाकार ठरवला. कोणते विषय टाळू, असे त्याने आधीच विचारले. हा सभ्यपणा मला आवडला. मी सुवाच्य अक्षरात सात विषयांची यादी करून दिली.

संमेलनात त्याने चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, खिशातून माझीच यादी काढली आणि माझ्याच आवाजात वाचू लागला.

"एक. बापूंची जुनी जीप. दोन. नागोरावचा ताप. तीन. एकादशीचे अंडे." असे करत तो शेवटाला आला. "सात. बापू हसत नाहीत, हा विषय मुळीच काढू नये."

बापू उठून मंचावर गेले.

"मी हसत न्हाई? अरे, मालक हसला की नोकराला हसावंच लागतं. ते पाप नको म्हणून इतकी वर्षं दाबून बसलोय. तुम्ही हसा की आधी!"

कोणी हसले नाही. ही परीक्षा असावी, असे सर्वांना वाटले.

बापूंनी मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्या खिशातले पेन काढून घेतले, यादीखाली एक ओळ लिहिली आणि कागद नकलाकाराला परत दिला. त्याने पुन्हा माझा आवाज काढला.

"आठ. यादी करणाऱ्या काकांविषयी काहीही चालेल."

सगळे बापूंच्या तोंडाकडे पाहत राहिले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने हसू फुटले. एकटेच, मोठ्याने, बापूंच्या आधी.

मी वळून पाहिले नाही. एकोणतीस वर्षे संसार केलेल्या माणसाला तो आवाज ओळखता येतो.