गुरुजी, सकाळी काय खाल्लं?

घरी पाहुणे आले आणि माझ्या पीएच.डी.चा विषय निघाला, की मी हौसेनं निष्कर्ष सांगायला बसते. ‘शिक्षकांचं पोषणविषयक ज्ञान आणि आरोग्यविषयक दृष्टिकोन’ एवढं म्हणेपर्यंत एक जण मोबाइल काढतो, दुसरा पाणी प्यायला उठतो. मग मी निष्कर्ष सोडून एखादा किस्सा सांगते. लगेच मोबाइल खिशात जातो आणि स्वयंपाकघरातून विचारणा होते, चहा ठेवू का अजून? असं करत करत प्रबंध कपाटात राहिला आणि किस्से वाढत गेले.

हकीकत साधी आहे. मी भालकीची, बीदरच्या एका कॉलेजात गृहविज्ञान शिकवते. प्रबंधासाठी बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या गावांतले शाळाशिक्षक निवडले. सोबत माझी सहकारी शिवलीला. तिची भाषा कन्नड, माझी मराठी. समोरच्याला जी सोयीची, तिच्यात आम्ही विचारायचो. लोह कशातून मिळतं, प्रथिनं कशाला लागतात, सकाळी काय खाता, स्वतःची तपासणी शेवटची कधी केली. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेली माणसं उत्तरं द्यायला बसली की काय होतं, ते पहिल्याच आठवड्यात कळलं.

*

कमलनगरकडच्या एका शाळेत हेडमास्तर म्हणाले, आमचा स्टाफ शिकलेला आहे, फॉर्म वाटा, आपापले भरतील. आम्ही वाटले. सगळे एका लांब टेबलाभोवती बसले आणि आम्ही बाहेर चिंचेखाली उभ्या राहिलो.

फॉर्म परत आले ते चाळायला लागले, तर लोह कशातून मिळतं याला सगळ्यांचं उत्तर एकच: गूळ, मेथी, मनुका. क्रमही तोच. ‘मेथी’ची वेलांटीसुद्धा सगळ्यांनी पहिली काढलेली. परीक्षेत पोरांच्या बाह्या वर करून बघणारी ही माणसं! तेवढं मी सोडून दिलं. पण पुढे वजनाचा रकाना आला. तिथंही सगळीकडे बासष्ट.

आता त्या स्टाफमध्ये एक मॅडम अशा, की वाऱ्याच्या दिवसांत त्यांना एकटं सोडायला भीती वाटावी. आणि पीटीचे सर असे, की ते दारात उभे राहिले की वर्गात अंधार पडायचा. मी पीटीच्या सरांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, सर, तुमचं वजन खरंच बासष्ट?

त्यांनी आधी हेडमास्तरांच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाले, “हेडसर बासष्ट लिवलेत मॅडम. त्यांच्यापेक्षा जास्त लिवणं बरं दिसंना.”

त्या दिवसापासून आम्ही फॉर्म वाटणं बंद केलं. एकेकाला समोर बसवून विचारायचं ठरलं.

*

औराद तालुक्यातल्या एका मराठी शाळेत कन्नड शिकवायला नंजुंडप्पा सर होते. मूळचे म्हैसूरकडचे. पन्नाशीचे, भरघोस मिशा, कपाळाला विभूती, आवाज खर्जातला. बदली होऊन आले तेव्हा मराठीचा गंध नव्हता. पहिलीचा वर्ग मिळाला आणि त्यांनी मराठी शिकून घेतली ती त्याच पोरांकडून.

शिवलीलानं कन्नडमधून सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. मराठीतच विचारा, मला येते, म्हणाले. अभिमान दिसत होता चेहऱ्यावर.

मी विचारलं, सर, सकाळी काय खाल्लं?

“भाकर खाल्लो. सगळी संपवलो. डबा चकाचक केलो.”

शिवलीलानं मान खाली घातली. मी पुढे गेले. झोप लागते का? तर आईची आठवण येते, मग झोप येत नाही, असं त्यांनी पहिलीतल्या पोराच्या शब्दांत सांगितलं. गावात एकटेच राहायचे. चार पोरांच्या आया आळीपाळीनं भाकरी पाठवायच्या, रात्री मात्र हॉटेलचं तिखटजाळ. मी विचारलं, तब्येतीची काही तक्रार?

सरांनी पोटावर हात ठेवला आणि त्याच खर्जात, अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “पोटात बाऊ झालाय.”

शिवलीला उठून व्हरांड्यात गेली. मला जाता येत नव्हतं, फॉर्म माझ्या हातात होता. ओठ आवळून विचारलं, कधीपासून?

“रोज रात्री होतंय,” सर म्हणाले. “पण मी रडलो न्हाई.”

*

आळंदच्या बाजूला एक शाकाहारी बाई भेटल्या. घरात कांदासुद्धा मोजून मापून. शाळेत पोरांना उकडलेली अंडी वाटायचं काम मात्र त्यांच्याकडे. ज्यांना अंडं नको त्यांना केळं. बाई भल्या. नाकाला पदर लावून का होईना, अंडी नीट उकडली का ते स्वतः बघायच्या आणि एकाही पोराला विसरायच्या नाहीत.

अंड्यात काय असतं, हा आमचा प्रश्न होता. बाईंनी प्रथिनं सांगितली, पांढऱ्यात काय, पिवळ्यात काय ते सांगितलं, शिळं कसं ओळखायचं तेही. मी म्हणाले, तुम्हाला फारच माहिती आहे.

“चव सोडून सगळं ठाऊक हाय मला,” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, शिवलीला कन्नडमध्ये लिहीत होती तेव्हा, माझ्याकडे झुकून त्यांनी विचारलं, “कशी लागते हो?”

*

एका गावात आम्ही शाळेतून निघालो, तर समोरच्या कट्ट्यावरून एका म्हाताऱ्या गुरुजींनी हाक मारली. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. माझी का परीक्षा घेतली नाहीत, असा त्यांचा सवाल होता. मी समजावलं की सर्व्हे फक्त नोकरीतल्या शिक्षकांचा आहे.

“जलमभर मी विचारलो,” गुरुजी म्हणाले. “मला कुणी विचारलंच न्हाई.”

आम्ही कट्ट्यावर बसलो. त्यांनी टोपी नीट केली, हात मांडीवर ठेवले आणि एकेक उत्तर विचार करून दिलं. जीवनसत्त्वांची सगळी अदलाबदल झाली होती, पण आवाज खणखणीत. शेवटी म्हणाले, आता मार्क सांगा, आणि खरे सांगा. शिवलीलानं तपासलं. गुरुजी काठावर पास होते. ते ऐकून इतके खूश झाले की त्यांनी आत हाक मारून बायकोला सांगितलं.

आजी तूर निवडत बसल्या होत्या. सूप घेऊनच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मग मला कवा विचारणार? त्यांनाही विचारलं. त्या सूप पाखडत पाखडत उत्तरं देत गेल्या. गुरुजी बाजूला बसून ऐकत होते आणि टोपी पुन्हा पुन्हा नीट करत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. हिला किती पडले, त्यांनी विचारलं.

शिवलीलानं पेनाला टोपण लावलं. “अप्पा,” ती म्हणाली, “यंदा बी मुलींचाच निकाल वर हाय.”

*

हळ्ळीखेडकडच्या एका शाळेत नवरा-बायको दोघंही नोकरीला. विश्वनाथ सर हेडमास्तर आणि शोभा मॅडम शेजारच्या वर्गावर. सरांना बरीच वर्षं शुगर. मधुमेहावर आम्ही जे जे विचारलं, ते ते सरांनी बिनचूक सांगितलं. पाय कसे सांभाळायचे, किती चालायचं, कोणता भात टाळायचा. आम्ही मनात म्हटलं, असे हेडमास्तर हवेत.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. सरांनी कप उचलला आणि कान देऊन शेजारच्या वर्गातला आवाज ऐकला. मॅडमचा पाढा चालू होता. सरांनी डोळे मिटून पहिला घोट घेतला. मी विचारलं, साखरेचा आहे का? तर म्हणाले, मॅडम, दिवसभरात हा एवढाच कप, आणि फुल साखरेचा. घरी सगळं कडू आणि फिकं. “तुम्ही माहिती हाय का ते विचारलाव. माहिती हाय. ऐकतो का, ते विचारू नका.” घंटा झाली तसा उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि कप खिडकीत पडद्यामागं ठेवला.

सर तासावर गेले, मग शोभा मॅडम आल्या. त्यांचीही उत्तरं चोख. घरात कुणाला आजार, या प्रश्नावर त्यांनी नवऱ्याची शुगर सांगितली आणि खिडकीकडे बघून हसल्या. सर चहा पितात हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. भांडण करून बघितलं, रुसून बघितलं. मग शिपायाला विश्वासात घेतलं. दर महिन्याला साखर थोडी थोडी कमी, वेलदोडा थोडा थोडा जास्त.

मी विचारलं, मग आता किती साखर असते?

“दिवाळीपासून अजिबात न्हाई,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही त्यांना सांगू नका. एवढंच एक सुख हाय त्यांना.”

*

खजुरीच्या बाजूला सुनंदाबाईंची शाळा. बाई आळंदहून पहिल्या बसनं यायच्या. त्यासाठी पहाटे उठून सासू-सासऱ्यांचा, नवऱ्याचा, दोन मुलांचा स्वयंपाक आणि डबे. आठवड्यापूर्वी बाई प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडल्या होत्या, डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलं होतं. हे आम्हाला दुसऱ्या शिक्षकांनी सांगितलं. बाई स्वतः काही बोलल्या नाहीत.

स्टाफरूमचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, म्हणून बाईंनी आम्हाला त्यांच्या तिसरीच्या वर्गातच बसवलं. हजेरी झाल्यावर त्या पोरांना म्हणाल्या, “न जेवता कोण आलंय? हात वर करा. लाजायचं न्हाई.” रोजचाच रिवाज दिसत होता. दोन हात वर झाले. बाईंनी टेबलाचा खण उघडला. आत केळी होती, येताना बसस्टँडवरून आणलेली. दोघांना बोलावून एकेक केळं दिलं आणि ती खाऊन होईपर्यंत तिथंच उभं केलं. संपवल्याशिवाय जागेवर जायचं नाही, असा नियम होता.

मग पोरांना शुद्धलेखन लावून बाई आमच्यासमोर बसल्या. काय विचारावं आणि बाईंना येऊ नये, असं झालंच नाही. लोह, प्रथिनं, वाढत्या वयातल्या मुलींनी काय खावं, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, सकाळची न्याहारी कितपत महत्त्वाची?

“सगळ्यात महत्त्वाची,” बाई म्हणाल्या.

पुढचा प्रश्न ठरलेला होता. तुम्ही स्वतः रोज करता?

बाईंनी वर्गाकडे एक नजर टाकली. सगळी पोरं वहीत मान घालून लिहीत होती. बाई आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “करते म्हणून लिवा.”

पहिल्या ओळीत दोन वेण्या घातलेली एक पोरगी होती, भाग्यश्री नावाची. तिचं लिहिणं थांबलं.

“बाई,” ती म्हणाली, “हात वर करा.”

बाई हसल्या आणि लिही म्हणाल्या. पोरगी लिहीना. बाकीच्यांच्याही माना वर आल्या. शिवलीलानं फॉर्म मिटून मांडीवर ठेवला.

“लाजायचं न्हाई, बाई,” भाग्यश्री म्हणाली.

बाईंनी हात वर केला. कोपरापर्यंतच, पण केला.

भाग्यश्री उठली, टेबलाला वळसा घालून आली, खण ओढला. त्यातलं एक केळं काढलं, सोललं आणि बाईंच्या हातात दिलं. मग बाजूला हाताची घडी घालून उभी राहिली.

“सगळं संपवा,” ती म्हणाली. “सालपट मी टाकून येते.”