शिसं टेकवायची जागा

१९९६ साली मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, आणि मासे धरायला मला कोणी शिकवावं असं माझं वय राहिलेलं नव्हतं. शाळा चौथीपर्यंत. पण नाशिकला अंबडच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर अठरा वर्षं काढली होती, तीही दहाच्या दहा बोटं शाबूत ठेवून. असा माणूस सहसा कोणाचं ऐकत नाही. आबांचं ऐकलं, कारण त्यांचा गळ उलटा होता.

आबा आमच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन. सुट्टीच्या दिवशी धरणावर मासे धरत. सगळं जग दोऱ्याच्या शेवटी गळ बांधतं आणि दोरा बुडवायचं शिसं त्याच्या वर. आबांचं शिसं शेवटी, आणि गळ त्याच्या हातभर वर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चारचौघांत विचारलं, "आबा, शिसं खाणारा मासा कोणत्या धरणात सोडलाय?"

आबा हसले नाहीत. "शिसं तळ बघायला असतं," म्हणाले. "तुझा गळ खाली गाळात लोळतोय, खेकडे जेवतायत. माझा माशाच्या तोंडापुढं उभा हाय."

त्या दिवशी त्यांना पाच मासे लागले. मला एक खेकडा.

शिसं ते गॅरेजमधून आणत. चाकाच्या रिमला तोल साधायला जे तुकडे ठोकतात, ते झिजलेले. घरी पळीत वितळवून, ओल्या वाळूत बोटानं खळगा करून ओतायचं. त्यांच्या शिशाला त्यांच्या बोटाचा आकार असे. म्हणून सगळे त्यांना शिसेवाले आबा म्हणत.

गाठ शिकायलाच मला तीन सुट्ट्या लागल्या. दोरा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायचा, सैल गाठ मारायची, त्या फाशातून अख्खा गळ बाहेर घ्यायचा आणि थुंकी लावून आवळायचं. "कोरडी गाठ आवळली तर दोरा जळतो. अन् भांडणसुद्धा तसंच, कोरडं ताणलं की पेटतं," असं ते म्हणत. दोऱ्याचं उरलेलं शेपूट वरून परत त्याच डोळ्यात घालायचं, मग गळ दोऱ्याला आडवा राहतो, टोक आभाळाकडं. शेपटाच्या शेवटी शिसं.

खरी विद्या त्यापुढं. ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा बांधून वर फळी टाकलेली, त्यावर आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसायचो. दोरा सरळ खाली सोडायचा, शिसं टेकलं की ताणून धरायचा आणि काठीचं टोक नुसतं थरथरवायचं. गळाला लावलेलं गांडूळ नाचलं पाहिजे, शिसं जागचं हलता कामा नये. माझं शिसं दर वेळी उचललं जाई.

"किसन, हा प्रेस नाय," आबा म्हणत. "पाळण्याची दोरी धरल्यासारखं धर. पोर निजलंय, तरी हात थांबवायचा नाय."

ते पाणी म्हणजे आबांचं गाव होतं. माझ्या लग्नाच्या आधीच धरणाखाली गेलेलं. आबा डोळे मिटून शिसं टेकवत आणि सांगत, "हा गाळ. ही मारुतीची पायरी. हे खळं, फरशी लागती बघ." शिसं टक्‌ वाजलं की दगड, दबलं की माती, एवढं मला कळायचं. त्यांना गावातली आळी न् आळी कळत होती. आपण कोणाच्या तरी छपरावर बसलोय या विचारानं माझे पाय पाण्यात सोडवत नसत. हे मी कोणाला कधी बोललो नाही.

एक जागा मात्र वेगळी. डोंगराची खाच आणि काठावरची पाणी उपसायची दगडी खोली एका ओळीत आली की आबा ट्यूब थांबवत. गळ काढून बाजूला ठेवत. नुसतं शिसं खाली जाई, तीन पुरुष पाणी. टेकलं की ते "हं" म्हणत आणि दोरा वर घेत. मला तिथं टाकू देत नसत. मी एकदा हट्टच धरला, तेव्हा सांगितलं.

"माझी लेक हाय तिथं. दीड वर्षाची होती. तापात गेली. लहान पोराला आपण जाळत नाय, घरामागं पुरली. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर सात दगड ठेवले. दोन वर्षांनी पाणी आलं. भरपाईच्या पंचनाम्यात आंबे लिहिले, विहीर लिहिली, गोठा लिहिला. तिला कुठल्या रकान्यात लिहिणार?"

मी मान हलवली. मला समजलं असं मलाच वाटलं.

पुढच्या साली आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी एकटा गेलो. सकाळभर काही लागलं नाही. रिकाम्या हातानं घरी जाणं मला जमत नसे. खाच आणि खोली एका ओळीत आली. म्हटलं, दगडांत मासा असतोच, आणि बघतंय कोण. गळासकट दोरा सोडला.

लगेच लागलं. हाताएवढी लांब वाम मासळी. वर येईना, कारण शिसं खाली दगडांत अडकलं होतं. मी प्रेसवाल्याच्या जोरानं ओढलं. खालचा दोरा तुटला, शिसं तिथंच राहिलं, वाम वर आली. या बांधणीची तीच खुबी, अडकलं तर शिसं जातं, मासा राहतो. तोंडात गळ घेऊन ती माझ्याकडं बघत होती. मग मी काय करावं? ती वाम नेऊन आबांच्या हातात दिली. वर बढाई मारली.

डोळ्याला हिरवी पट्टी लावलेल्या आबांनी आधी वाम चाचपली नाही, माझ्या दोऱ्याचं दगडाला घासून तुटलेलं टोक चाचपलं. "शिसं कुठं ठेवलंस?"

"काठच्या चिंचेच्या मुळीत अडकलं," मी थाप मारली.

"बरं," आबा म्हणाले.

एवढंच. त्यानंतर आठ वर्षं आम्ही बरोबर मासे धरले. आबांनी तो विषय काढला नाही आणि मी सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचो आणि भलतंच बोलायचो. त्या जागेवर ते शिसं सोडत तेव्हा मी तिकडं बघत नसे. दोरा ताणला की मला खालून कोणीतरी धरल्यासारखं वाटे. मासा नव्हे. मासा ओढतो, हे नुसतं धरून होतं.

२००५ साली आबा कळवणला मुलाकडं वारले. मी तेराव्याला गेलो. जेवणावळ उठल्यावर माई, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावर एकटीच बसली होती. मी जाऊन समोर बसलो आणि एका दमात बोललो, "माई, मी एकदा तिकडं गळ टाकला होता. ती वाम तिथलीच होती."

"ठाऊक हाय," माई म्हणाली. "त्यांनी खाल्ली नाय. मलाबी करू दिली नाय. मी म्हटलं, त्या किसनला विचारा तरी. तर म्हणाले, असू दे. त्याचं शिसं तिच्यापाशी राहिलं, तिला खेळायला झालं."

 

मग माईच म्हणाली, "त्यांनी मला कधी तिकडं नेलं नाय. 'तुला सोसायचं नाय' म्हणायचे. आता ती जागा किसन, तुला एकट्यालाच ठाऊक. मला घेऊन चल." आणि ती उठून पिशवी भरायला लागली.

मुलगा आतून ओरडला, "आई, दुःख अजून ताजं हाय, कुठं निघाली?"

"माझं जुनं हाय," माई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी तिला घेऊन निघालो. नाशिकला गाडी बदलली आणि नऊच्या सुमाराला धरणाच्या काठावर उतरलो. खाच आणि खोली एका ओळीत येईतो तिला हाताला धरून काठाकाठानं चालवलं, आणि पाण्यावर बोट दाखवलं. माईनं पोरीला नाव घेऊन हाक मारली. नऊ वर्षांत आबांच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं, आणि इथं लिहिणारही नाही. तिचं बोलून होईपर्यंत मी पाण्याकडं पाठ करून उभा राहिलो.